गावचे किराणा दुकान : सीमाभागातील एक दुर्लक्षित ठेवा

खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील गावांत ज्याला सरसकट 'वाण्याचे दुकान' म्हणतात, ते घरगुती किराणा दुकान आता वेगाने कमी होत आहे. चालवणारा वाणीच असे असे नाही. वैश्यवाणी, लिंगायत, मराठा, सारस्वत, गुजराती अशा अनेक समाजांतील कुटुंबांनी ही दुकाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. कन्नड बोलणारे गिऱ्हाईक त्यालाच 'किराणी अंगडी' म्हणे आणि दुकानदार त्याच्याशी त्याच्याच भाषेत भाव ठरवी.

दुकान पुढे आणि घर मागे ही नेहमीची मांडणी. जांभ्याच्या किंवा मातीच्या भिंती, मंगळुरी कौले, पुढे ओटा. दाराऐवजी खाचेत एकामागून एक सरकवायच्या लाकडी फळ्या असत. क्रम चुकू नये म्हणून प्रत्येकीवर आकडा घातलेला. आत गादी, गल्ल्याची पेटी, कप्प्यांची मांडणी, तुळईला टांगलेली तागडी. रॉकेलचा डबा वासामुळे दूरच्या कोपऱ्यात. माल बहुधा बेळगावच्या रविवार पेठेतून येई. गूळ, मीठ, विडी, तपकीर, कंदिलाच्या काचा, दोरखंड, पाटी-पेन्सिल सगळे एकाच छपराखाली. आणि बाजूच्या लहान कप्प्यांत वेखंड, मुरुडशेंग, हिरडा, जायफळ. बाळगुटीचे सामान मागितले की काय काय द्यायचे हे दुकानदाराला विचारावे लागत नसे. हे ज्ञान कुठे लिहिलेले नाही, त्यामुळे ते दुकानाबरोबरच जाते.

धान्य वजनापेक्षा मापाने जास्त विकले जाई. २ चिपटी म्हणजे १ मापटे, २ मापटी म्हणजे १ शेर, ४ शेर म्हणजे १ पायली. वजनाचा पक्का शेर ८० तोळ्यांचा, सुमारे ९३३ ग्रॅम. मापाचा शेर निराळा, आणि तो जागोजागी बदले. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धत आली आणि ऑक्टोबर १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने लागू झाली. त्याआधीच, १ एप्रिल १९५७ रोजी, दशमान नाणी आली होती. रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे, १९२ पै हा हिशेब जाऊन १०० नवे पैसे झाले. एका आण्याचे खरे तर सव्वासहा नवे पैसे, पण कोष्टकात आणा सहा पैशांचा आणि पावली पंचविसांची. मधला पाव पैसा कोणाच्या पदरात पडायचा, हा वाद गावोगावच्या गल्ल्यापाशी होणारच. याच सुमारास, १ नोव्हेंबर १९५६ ला, बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. राज्य, नाणे आणि वजन असे तिन्ही बदल दुकानदाराने काही वर्षांत पचवले, आणि तेही उधारी चालू ठेवून!

माझ्या मते या दुकानांतली सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे वह्या. रोजकीर्द आणि खतावणी, लाल कापडाच्या बांधणीच्या. पानावर रेघा नसत, घड्या घालून सळ पाडलेले असत. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. जुन्या वह्या मोडीत आहेत, नंतरच्या बाळबोधीत. खातेदाराची ओळख आडनावापेक्षा शेताच्या नावाने, घराच्या खुणेने किंवा टोपणनावाने लिहिलेली असते. कोणत्या वर्षी तूर महागली, कोणत्या घरी लग्न निघाले, कोणाची वसुली सुगीनंतरही झाली नाही, हे सारे त्यात आहे. वर्ष दिवाळीचे असे. १ एप्रिल १९८९ पासून आयकरासाठी सर्वांचे हिशेबी वर्ष ३१ मार्चला संपू लागले आणि दिवाळीतली वही बहुतेक ठिकाणी पूजेपुरती उरली.

बँकेतल्या आम्हा मंडळींना या वह्यांचे कौतुक वाटते त्याला कारण आहे. नियमित ठेवलेल्या हिशेबाच्या वहीतील नोंद १८७२ च्या पुरावा कायद्याने ग्राह्य मानली. मात्र केवळ त्या नोंदीवर कोणाला देणेकरी ठरवता येत नाही, असेही त्याच कलमात सांगितले. दुकानदार कोर्टाची पायरी क्वचितच चढे. विकलेल्या मालाच्या पैशासाठी दाव्याची मुदत तीन वर्षांची, आणि गावात तीन वर्षे म्हणजे काहीच नाही. माणूस आज ना उद्या देईल, हाच त्याचा अंदाज. आमच्याकडे तारण असूनही कर्जे थकत. त्याच्याकडे फक्त ओळख असे.

तरी या दुकानाला उगाच सोवळे ठरवू नये. उधारीचा भाव रोखीपेक्षा चढा असे, अडलेल्याची तांब्या-पितळेची भांडी गहाण पडत, आणि अनेक गावांत काही जातींच्या गिऱ्हाइकांना ओट्याखालीच उभे राहावे लागे. नोंद करताना हेही लिहिले पाहिजे.

कायद्याचे संरक्षण इथे फारसे पोचत नाही. १९५८ च्या पुरातन वास्तूंच्या कायद्याला किमान शंभर वर्षांची वास्तू लागते, आणि साधे दुकान त्या यादीत सहसा येत नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात मात्र ऐतिहासिक मूल्याच्या हस्तलिखित व दस्तऐवजांसाठी ७५ वर्षांची अट आहे. म्हणजे मूल्य ठरले तर माळ्यावरची मोडी वही त्यात बसू शकते. प्रत्यक्षात ती किलोच्या भावाने रद्दीत जाते.

सभासदांपैकी कोणाच्या घरी असे दुकान असेल किंवा होते, त्यांनी तीन गोष्टी कराव्यात. जुन्या पायली-शेरात तांदूळ सपाट भरून त्याचे आजच्या काट्यावर वजन करावे आणि गावाच्या नावासह लिहून ठेवावे. फळ्या, तागडी, कप्पे काढण्यापूर्वी जागेवरचे फोटो घ्यावेत. वह्यांचे पानवार फोटो काढावेत. मूळ वही धुतलेल्या कोऱ्या सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवावी. चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन करू नये, चिकटलेली पाने ओढू नयेत.

वही दुसऱ्याला दाखवताना खातेदारांची नावे झाकावीत. ज्यांच्या आजोबांची बाकी त्यात निघते, ती घरे अजून त्याच गल्लीत राहतात.