लेरनाईच्या ओकांवरचे हवामान

निळ्या वांडा या ऑर्किडचा इतिहास लिहायला बसले की सगळी वाट जोसेफ डाल्टन हूकर यांच्या एका पानाशी येऊन थांबते. ‘हिमालयन जर्नल्स’ हे त्यांचे प्रवासवर्णन १८५४ साली लंडनमध्ये छापले गेले. त्यातले हे पान १८५० सालचे, खासी टेकड्यांतले, म्हणजे आजच्या मेघालयातले. हूकर आणि त्यांचे सहकारी थॉमस थॉमसन तेव्हा चेरापुंजीत मुक्कामाला होते. पावसाळा सरला होता आणि फुलांचा मोसम चालू होता. लेरनाई गावाजवळच्या ओकच्या राईत त्यांना फांद्याफांद्यांवरून वाऱ्यावर डुलणारे निळे तुरे दिसले.

हे ऑर्किड पहिल्यांदा विल्यम ग्रिफिथ यांना १८३७ साली याच टेकड्यांत सापडले होते. ग्रिफिथ १८४५ मध्ये मलाक्काला वारले, वय अवघे चौतीस. त्यांच्या नोंदींवरून जॉन लिंडली यांनी १८४७ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले: वांडा सेरुलिया. पण झाडाची ओळख पटणे वेगळे आणि ते कसे जगते हे कळणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीसाठी हूकरांचे पानच हाताशी घ्यावे लागते.

हूकर सांगतात ते असे. टेकड्या कोरड्या, गवताळ, तीन ते चार हजार फूट उंचीच्या, म्हणजे साधारण नऊशे ते बाराशे मीटर. झाडे लहान, वेडीवाकडी, पालवी विरळ. त्यामुळे फांदीवरच्या वांडाला ऊन, पाऊस, वारा सगळे थेट लागते. तिच्या शेजारी शेवाळ नाही, दगडफूल नाही. मुळे खरखरीत कोरड्या सालीवर पसरलेली. हवा एकंदरीत दमट, पावसाळ्यात तर फारच, पण कोंदट उष्मा कुठेच नाही. फुलांच्या दिवसांत तापमान ६० ते ८० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे साडेपंधरा ते साडेसव्वीस सेल्सिअस. तेव्हा ऊन भरपूर असते आणि हवा व साल दोन्ही कोरडी असतात. जुलै-ऑगस्टमध्ये पारा थोडा वर जातो. हिवाळ्यात तो इतका उतरतो की दहिवर गोठून जमीन पांढरी होते.

हे सगळे त्यांनी निसर्गशोभा म्हणून लिहिलेले नाही. इंग्लंडमधले बागाईतदार या झाडाला गरम, बंद, दमट काचघरात ठेवत होते आणि ते जगवणे मोठे कठीण मानले जात होते. थंडी, शरदातला कोरडेपणा आणि मोकळा वारा हेच तर या झाडाचे जगणे आहे आणि नेमके तेच आपण त्याला मिळू देत नाही, असे हूकरांचे म्हणणे. त्या काचघरांकडे मी आज एक नकळत झालेला प्रयोग म्हणून पाहतो. वांडाला उष्णता आणि ओल एकदम, अखंड दिली तर काय होते, हे तिथल्या माळ्यांनी पावणेदोनशे वर्षांपूर्वीच पाहून ठेवले होते. ऑर्किडची हवामान-सहनशीलता तपासायला प्रयोगशाळा लागते हे खरे, पण हा पुरावाही पुरावाच आहे.

त्याच पानावर दुसरी एक नोंद आहे. ती वाचताना हात थबकतो. हूकर आणि त्यांच्या माणसांनी ३६० तुरे तोडले. एकेका तुऱ्याला सहा ते एकवीस फुले, प्रत्येक फूल साडेतीन ते चार इंच रुंद. व्हरांड्यात त्यांचे तीन ढीग लागले, प्रत्येक गजभर उंच. क्यूच्या राजोद्यानासाठी सात हमालांची ओझी होतील इतकी झाडे त्यांनी उतरवली आणि त्यांतली फार थोडी इंग्लंडला जिवंत पोचली. एका गृहस्थाने आपला माळी त्यांच्याबरोबर जागा पाहायला पाठवला होता. त्याने धाडलेले एकच ओझे वाईट अवस्थेत पोचूनही तीनशे पौंडांना विकले गेले, एकेक झाड तीन ते दहा पौंडांना. चलाख माणूस खासी ऑर्किडांवर एका मोसमात दोन-तीन हजार पौंड सहज कमावू शकेल, असा हिशेबही हूकरांनी मांडून ठेवला आहे.

त्यांची पत्रे लिओनार्ड हक्सले यांनी १९१८ साली संपादित केली. चेरापुंजीहून वडिलांना लिहिलेल्या पत्रात हूकर सांगतात की कलकत्त्याच्या उद्यानाचे प्रमुख फॅल्कनर यांच्या माणसांनी हजार टोपल्या खाली धाडल्या. मैलोन्‌मैल रस्त्यावर सडक्या फांद्या आणि ऑर्किडे अशी विखुरलेली असतात की जणू वादळच होऊन गेले असावे. पुस्तकात कमाईचा हिशेब, पत्रात उजाड रस्ता, आणि दोन्ही एकाच माणसाच्या हातचे. म्हणून आज वांडा दुर्मिळ का, याचे उत्तर देताना हवामानबदलाला पहिल्या क्रमांकावर बसवणे मला मान्य नाही. पहिला घाव टोपल्यांचा होता. पुढे जंगलतोडही आली. हवामानबदल गाठतो आहे तो आधीच विरळ झालेल्या आणि तुटक उरलेल्या झाडांना.

मग हवामानाबद्दल कागदपत्रे काय सांगतात? हूकर आणि थॉमसन यांनी चेरापुंजीतल्या सात महिन्यांत पाचशे इंचांहून जास्त पाऊस मोजला, म्हणजे बारा हजार सातशे मिलिमीटर. महाबळेश्वरच्या वर्षभराच्या पावसाची ही साधारण दुप्पट. पुढे ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या बारा महिन्यांत तिथे २६,४६१ मिलिमीटर पडला आणि तो जागतिक विक्रम झाला. त्या विक्रमाशी आजचा पाऊस ताडून ‘अर्ध्यावर आला’ म्हणणे चूक आहे. ते वर्षच अपवादाचे होते. कल पाहायचा तर लांबलचक सलग नोंदी हव्यात. अशा १९०१ ते २०१९ च्या नोंदींवरचा एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात चेरापुंजी-मावसिनराम भागातला पाऊस घटत चालल्याचे आणि १९७३ नंतर घट ठळक झाल्याचे दिसते. हिंदी महासागराच्या तापमानातले बदल हे त्याचे एक कारण दिले आहे. उपग्रहांच्या नोंदींत त्या भागातली हिरवाई कमी झाल्याचेही त्यात नोंदवले आहे.

तापमानासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी संपादित केलेला २०२० चा अहवाल आहे. १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले, असे तो सांगतो. आकडा छोटा वाटतो. डोंगरात हजार मीटर चढले की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. त्या मापाने ०.७ अंश म्हणजे शंभर मीटरांहून थोडा जास्त चढ. हूकरांचा सगळा पट्टाच तीनशे मीटर रुंद आहे. म्हणजे जुना गारवा हवा असेल तर वांडाला पट्ट्याच्या एक तृतीयांश वर सरकावे लागेल. आणि वर जायला जागा मर्यादित आहे: शिलाँग शिखराची उंची १,९६६ मीटर. शिवाय हवा वर सरकते, ओक तितक्या लवकर सरकत नाहीत. वांडाला नुसती उंची पुरत नाही. खरखरीत साल, विरळ पालवी आणि त्या सालीवरची बुरशीही लागते, कारण ऑर्किडच्या धुळीसारख्या बियांत अन्नसाठा नसतो आणि बुरशीशिवाय त्या रुजत नाहीत.

रात्रीचाही प्रश्न आहे. वांडा कार्बन डायऑक्साइड मुख्यतः रात्री घेते आणि दिवसा पर्णरंध्रे मिटून पाणी वाचवते. उघड्या सालीवर, शेवाळाच्या आधाराशिवाय जगण्याची ही तिची युक्ती. थंड रात्रींत ती चांगली चालते. रात्री उबदार झाल्या की हा व्यवहार तोट्याचा होऊ लागतो.

खासी लोकांच्या देवरायांकडे, मावफ्लांगसारख्या राखलेल्या रानांकडे, साहजिकच आशेने पाहिले जाते. अनेक ऑर्किडांना त्या आसरा देतातच. पण हूकरांचे पान बारकाईने वाचले तर वांडाची जागा दाट, शेवाळलेल्या, सावलीच्या रानात नव्हती. ती होती गवताळ उतारावरच्या एकट्या-दुकट्या ओकावर, उन्हात. अशी झाडे कुणी देवाला सोडत नाही. ती सरपणाला जातात.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात, २०२२ च्या दुरुस्तीपर्यंत, निळी वांडा सहाव्या अनुसूचीत होती. आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स करारातही ती पहिल्या परिशिष्टात होती. २००५ पासून ती दुसऱ्या परिशिष्टात आली. रोपवाटिकांत तिची लाखो रोपे तयार होतात आणि बाजारातल्या बहुतेक निळ्या-जांभळ्या वांडांत तिचे रक्त आहे. अशी रोपे रानात परत लावायची तर जागा निवडताना आधी सहा गोष्टी तपासाव्यात. त्या सगळ्या हूकरांच्या पानावर आहेत: उंची, झाडाचा आकार, सालीचा खरखरीतपणा, शेवाळाचा अभाव, फुलांच्या दिवसांतला कोरडेपणा आणि हिवाळ्यातली थंडी. पहिल्या चार गोष्टी डोळ्यांनी पाहून ठरवता येतात. उरलेल्या दोन्हींसाठी त्या फांदीवरच किमान एक पूर्ण वर्ष तापमापक आणि आर्द्रतामापक बांधून ठेवावा लागेल.