अजिंठ्याच्या भिंतीसमोर भरलेला तैलरंगांचा वर्ग

थोर चित्रासमोर बसून त्याची प्रतिकृती करणे ही तैलरंग शिकण्याची जुनी युरोपीय रीत. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतील विद्यार्थ्यांना असा आदर्श सापडला तो आपल्या छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे १०० किलोमीटरवर, अजिंठ्यात. आजचा थ्रेड त्या वर्गाविषयी.

१. सुरुवात रॉबर्ट गिल यांनी केली. मद्रास सैन्यातील या अधिकाऱ्याने १८४४ पासून अनेक वर्षे अजिंठ्याची चित्रे कॅनव्हासवर तैलरंगात उतरवली. १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत त्यांतील बहुतेक भस्मसात झाली.

२. १८७२ मध्ये कलाशाळेचे शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांनी ते काम नव्याने हाती घेतले. भारतीय कलाविद्यार्थ्यासाठी याहून उत्तम आदर्श नाही, असे त्यांचे मत होते. निजामाच्या राज्यातील या लेण्यांत ते विद्यार्थ्यांना घेऊन येत. पुढे व्यक्तिचित्रांसाठी नावाजलेले पेस्तनजी बोमनजी त्यांत प्रमुख होते.

३. काम सोपे नव्हते. भिंतीवर मातीचा गिलावा, त्यावर पांढरा पातळ लेप आणि वर खनिज रंग. तेथील आकृती मुख्यतः रेषेतून साकारते. युरोपीय तैलचित्रण छायाप्रकाशावर भर देते. पद्मपाणीच्या मानेचा बाक तैलरंगात आणायचा, तर आधी ती रेषा हातात मुरावी लागे.

४. १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथे पुन्हा आग लागली आणि शंभराहून अधिक प्रतिकृती नष्ट झाल्या. ग्रिफिथ्स यांनी १८९६-९७ मध्ये दोन खंडांचा सचित्र ग्रंथ काढून उरलेले जतन केले.

५. या शिक्षणाची किंमत मूळ चित्रांनीही मोजली. अंधारात रंग उठून दिसावेत म्हणून भिंतींवर वॉर्निश लावले गेले. कालांतराने ते पिवळे, काळपट झाले. १९२० च्या सुमारास निजाम सरकारला चित्रांच्या संवर्धनासाठी इटालियन तज्ज्ञ बोलवावे लागले.

६. तरीही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात उरलेल्या प्रतिकृतींत भिंतीवरून आज पुसले गेलेले काही तपशील दिसतात. म्हणून त्या विद्यार्थ्यांना केवळ नकलाकार म्हणणे मला अन्यायाचे वाटते. त्यांचे कॅनव्हास आज इतिहासाची साधने आहेत, आणि भिंतीवरचे डागही.

पुढच्या वेळी पहिल्या लेण्यात उभे राहाल, तेव्हा दोन्हींची आठवण ठेवा.