पावसाचा वारा आणि १९६६ ची लपवलेली शिकार

नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या वाळूत अडकलेलं देवमाशाचं पिल्लू आपण सगळ्यांनी मोबाईलवर पाहिलं. लोकांनी दोन दिवस झटून ते समुद्रात नेलं, तरी वाचलं नाही. तेव्हा आपल्या चांदूरचाच एक मित्र म्हणाला, "समुद्र सातशे किलोमीटर दूर, आपल्याले काय त्याचं?"

आहे ना. पेरणीसाठी आपण ज्या नैऋत्य वाऱ्याची वाट पाहतो, तोच वारा ओमानजवळ समुद्राचं वरचं पाणी बाजूला लोटतो. खालचं थंड, कसदार पाणी वर येतं. त्यावर सूक्ष्म वनस्पती, कोळंबीसारखे बारीक जीव आणि तारल्या पोसल्या जातात. जगभरचे हंपबॅक देवमासे थंड समुद्रात खातात आणि वितात उष्ण समुद्रात, त्यासाठी दरवर्षी हजारो किलोमीटर पोहतात. अरबी समुद्रातला हंपबॅक मात्र इथंच खातो, इथंच वितो. जनुकीय अभ्यास सांगतो, हा कळप सुमारे ७०,००० वर्षं इतरांपासून वेगळा आहे.

आता हे कळलं कसं, ते ऐका. सोव्हिएत शिकारी ताफे ओडेसाहून सुएझमार्गे अंटार्क्टिकाकडे जायचे. वाटेत, १९६३ ते १९६६ दरम्यान, त्यांनी अरबी समुद्रात २४२ हंपबॅक मारले, बहुतेक एकट्या नोव्हेंबर १९६६ मध्ये. आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाचे सदस्य असूनही खोटे आकडे पाठवले. सोव्हिएत संघ कोसळल्यावर १९९३ मध्ये अलेक्सेई याब्लोकोव्ह यांनी या खोटेपणाला जाहीर वाचा फोडली. मग १९९७ मध्ये त्या ताफ्यांवर काम केलेले युरी मिखालेव यांनी अरबी समुद्राचा हिशेब छापला. मेलेल्या माद्यांच्या पोटातल्या गर्भांच्या वाढीवरून दिसलं की यांचा विणीचा काळ उत्तर गोलार्धाचा आहे, म्हणजे हे दक्षिणेकडून आलेले पाहुणे नाहीत. तीस वर्षं ही माहिती फायलीत पडून होती, याचा मला शिकारीइतकाच राग येतो. हिशेबच नाही, तर कोण कोणाला जाब विचारणार?

नंतर ओमानच्या समुद्रात फोटोंवरून मोजणी झाली, अंदाज निघाला फक्त ८२ चा. आज बंदुकीची भीती नाही, पण मासेमारीची जाळी आणि मोठी जहाजं आहेतच. ओमानमध्ये उपग्रह-टॅग लावलेली 'लुबान' नावाची मादी २०१७ च्या शेवटी अरबी समुद्र ओलांडून गोव्यासमोर आली, केरळपर्यंत उतरली आणि परत ओमानला गेली. म्हणजे ओमानने कितीही जपलं, तरी तिची अर्धी वाट आपल्याच जाळ्यांमधून जाते.