मी स्वतःहून जाणार होतो रे

2022 च्या सप्टेंबरमध्ये परराष्ट्र मंत्रालयाने एक इशारा दिला: थायलंडमधल्या नोकरीच्या नावाखाली आयटीतल्या मुलांना बेकायदा म्यानमारमध्ये नेलं जातंय. तशीच एक जाहिरात तेव्हा आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर फिरत होती. एका मित्राने पासपोर्टची कॉपीसुद्धा पाठवली होती. आईने हट्टच धरला म्हणून तो गेला नाही. नंतर तो मला म्हणाला, "मी स्वतःहून जाणार होतो रे. मग ती मानवी तस्करी कशी?"

उत्तर येईना, म्हणून वाचायला बसलो.

1904 मध्ये पॅरिसला युरोपातल्या देशांनी पहिला करार केला, त्याचं नावच 'गोऱ्या गुलामांचा व्यापार' रोखण्याचं. म्हणजे चिंता फक्त कुंटणखान्यात नेल्या जाणाऱ्या गोऱ्या बायकांची. 1921 मध्ये राष्ट्रसंघाने रंग काढून 'स्त्रिया आणि मुलं' असं केलं. 1949 चा करारही वेश्याव्यवसायाभोवतीच फिरत राहिला. मजुरीसाठी फसवून नेलेला पुरुष या व्याख्येत आला तो थेट 2000 च्या पालेर्मो प्रोटोकॉलमध्ये. फसवून मिळवलेली संमती ही संमती नव्हे, हेही तिथेच लिहिलंय. मित्राला उत्तर मिळालं.

पण पुढे प्रत्येक देशाने आपापलं व्हर्जन काढलं. स्वीडनने 1999 मध्ये शरीर विकत घेणाऱ्याला गुन्हेगार ठरवलं, तर नेदरलँड्सने पुढच्याच वर्षी कुंटणखान्यांवरची बंदी उठवली. मला जास्त थांबावंसं वाटलं ते ब्राझीलपाशी.

1989 मध्ये तिथल्या पारा राज्यात जोझे परेरा नावाचा 17 वर्षांचा मुलगा एका सोबत्याबरोबर शेतमळ्यातून पळाला. मळ्याच्या माणसांनी गोळ्या झाडल्या. सोबती मेला. परेराने मेल्याचं सोंग घेतलं आणि वाचला. प्रकरण अमेरिका खंडातल्या देशांच्या मानवी हक्क आयोगापुढे गेलं आणि 2003 मध्ये ब्राझील सरकारने आपली जबाबदारी कबूल केली. त्याच वर्षी कायद्याचं 149 वं कलम बदललं. आता गुलामगिरी सिद्ध करायला बेड्या किंवा बंदूक दाखवावीच लागते असं नाही. माणूस मोडेल इतके कामाचे तास, जनावरासारखी राहायची सोय, कर्जापायी अडकवून ठेवणं, यातलं एकही पुरतं. कामगार निरीक्षकांची फिरती पथकं 1995 पासूनच होती. त्यांनी आजवर 60 हजारांहून जास्त माणसं सोडवली आहेत.

आणि आपण? आपल्या संविधानाच्या 23 व्या कलमात, इंग्रजी मजकुरातसुद्धा, 'बेगार' हा आपला शब्द आहे. पालेर्मोच्या 50 वर्षं आधी! सर्वोच्च न्यायालयाने तर 1982 मध्ये सांगितलं की किमान वेतनाहून कमी पैशात करून घेतलेलं कामही सक्तीचंच. पण 2013 मध्ये 370 वं कलम नव्याने लिहिताना, फेब्रुवारीच्या अध्यादेशात असलेले 'सक्तीची मजुरी' हे शब्द संसदेने केलेल्या कायद्यातून गळले. त्या जागी 'शारीरिक शोषण' असा ढोबळ शब्द उरला. कोडमधली एक ओळ उडाली की काय होतं ते मला रोज दिसतं.

बीडकडची टोळी मुकादमाकडून उचल घेते आणि नवराबायको मिळून एक 'कोयता' होऊन फडावर जाते. उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी परत तिथेच. ब्राझीलचा निरीक्षक त्यांची कोपी, तास आणि उचलीचा हिशेब बघेल. कागदावर आपला 1976 चा वेठबिगारीचा कायदा अशी उचलही धरतो. पण आपण त्याला 'हंगाम' म्हणतो.

मार्च 2025 मध्ये थाई-म्यानमार सीमेवरून वायुसेनेच्या विमानांनी 500 हून जास्त भारतीय परत आणले. त्यांच्यातल्या ज्यांनी तिथे लोकांना ऑनलाइन गंडवलं, ते पीडित की आरोपी? ब्रिटनच्या 2015 च्या कायद्यात, ज्याच्याकडून जबरदस्तीने गुन्हा करवून घेतला त्याला बचावाचं कलम आहे. बातमी मी मित्राला पाठवली. बराच वेळ निळ्या टिका दिसत होत्या. मग त्याने त्या जुन्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट पाठवला. अजून जपून ठेवलाय.

"पगार बघ ना," एवढंच खाली लिहिलं होतं.