दोंडाईच्याची मच्छरदाणी

धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर 1990 च्या दशकात हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये मच्छरदाणीचं कापड वापरू लागले. जुगाड वाटतो ना? मलाही वाटला होता.

हर्निया, म्हणजे अंतर्गळ: पोटाची भिंत एका जागी कमकुवत होते आणि आतडं तिथून पुढे येतं. इटलीच्या बासिनींनी 1880 च्या दशकात ती जागा शिवून बंद करायची पद्धत आणली. पण ओढून शिवलं की ताण येतो आणि काहींचा हर्निया परत येतो. 1950 च्या दशकात अमेरिकेत फ्रान्सिस अशर यांनी प्लास्टिकची जाळी वापरली. 1980 च्या दशकात लिक्टेनस्टाइन यांनी न ओढता जाळीचं ठिगळ लावायची पद्धत रूढ केली. जाळीच्या छिद्रांतून शरीर नवं मांस भरतं.

जाळी उत्तम, प्रश्न किमतीचा. आमच्या लोहगडवाडीत भाताची पोती पाठीवर घेणाऱ्या माणसाला ऑपरेशननंतर काही आठवडे जड उचलता येत नाही. हर्निया परत आला की तेवढी मजुरी पुन्हा बुडते. म्हणजे जाळीची खरी गरज त्यालाच, आणि परवडत नाही तीही त्यालाच.

टोणगावकरांचं कापड पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीनच्या मिश्रणाचं होतं. कंपन्यांच्या बहुतेक जाळ्या पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे फार लांबचं नातं नाही. 2003 साली त्यांनी सहकाऱ्यांसह 359 हर्नियांचे निष्कर्ष ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’त छापले. तरी मोठ्या शहरांतले डॉक्टर विचारणारच: तुलना कशाशी केली?

ती तुलना युगांडात झाली. 302 पुरुष, कोणाला कोणती जाळी, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरलं. 2016 च्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधले आकडे: वर्षभरात मच्छरदाणीच्या गटात एकाचा हर्निया परत आला, महागड्या जाळीच्या गटात एकाचाही नाही. ऑपरेशननंतरच्या तक्रारी 30.8 आणि 29.7 टक्के. माझ्या मते हा फरक नाहीच. किमतीतला मात्र प्रचंड: एक डॉलरहून कमी, आणि शंभराहून जास्त.

म्हणून घरातली मच्छरदाणी कापून चालत नाही. कापडाला कीटकनाशक लावलेलं नको. निर्जंतुक करतानाही 121 अंश ते सोसतं. 134 अंशांना मात्र बिघडतं.