खतावणी आणि बी-ट्री

मंडळी, इंडेक्स म्हणजे पुस्तकामागची सूची, असं सांगून आम्ही कॉम्प्युटरवाले मोकळे होतो. खोटं नाही ते, पण अर्धंच. सूचीने पान सापडतं, बेरीज होत नाही.

त्यापेक्षा खतावणी आठवा. (घरातल्या वडीलधार्‍यांना हे समजवायला नकोच!) रोजकीर्दीत व्यवहार जसे घडले तसे, खतावणीत तेच, पण खातेवार. एका गिर्‍हाइकाच्या सार्‍या नोंदी शेजारी-शेजारी. बेरीज करत खाली यायचं, पुढचं खातं लागलं की आकडा लिहायचा आणि पुन्हा शून्यापासून. 'ग्रुप बाय' म्हणतात ते हेच.

डिस्कवरची ही खतावणी रचली रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्राइट यांनी, बोइंगच्या संशोधन प्रयोगशाळेत. अहवाल १९७० चा, छापील लेख १९७२ चा. नाव बी-ट्री. 'बी' म्हणजे बायर, बोइंग की बॅलन्स्ड, हे त्यांनी कधी स्पष्ट केलं नाही :) नवी नोंद आपल्या जागीच बसते, पान भरलं की त्याची दोन होतात, क्रम मोडत नाही. सर्वांत मोठा आकडा हवा? टोकाला जा, झालं.

पण मला खरं कौतुक आहे ते पुढच्या पायरीचं. १९७० साली कॉडने रिलेशनल मॉडेल मांडलं, तेव्हा शंका हीच होती की माहितीपर्यंतची वाट यंत्र स्वतः शोधेल का, आणि कुशल प्रोग्रॅमरइतकी चांगली? आयबीएमच्या सॅन होजेमधल्या 'सिस्टिम आर' प्रकल्पातून पॅट्रिशिया सेलिंजर आणि चार सहकार्‍यांचा निबंध १९७९ साली आला. त्यात प्रत्येक पायरीला सर्वांत स्वस्त वाट तर ठेवलीच, शिवाय एखादी महाग वाट उपयोगी क्रमाने नोंदी देत असेल तर तीही टाकून दिली नाही. न जाणो, पुढे सॉर्टिंगचा खर्च वाचेल! क्रमालाही किंमत असते, हे यंत्राच्या हिशोबात आलं.

अर्थात इंडेक्स आहे म्हणून तो वापरावाच असं नाही. मूळ नोंदी डिस्कवर विखुरलेल्या असल्या तर एकेकीसाठी हेलपाटे घालण्यापेक्षा सगळं वाचून सॉर्ट करणं स्वस्त. शिवाय प्रत्येक नवी नोंद रोजकीर्दीत आणि खतावणीतही लिहावी लागते, ते वेगळंच.

असो. पोस्टग्रेस वापरत असाल तर 'ऑर्डर बाय'च्या क्वेरीआधी 'एक्स्प्लेन' लावून बघा. 'सॉर्ट'ची ओळ नसेल आणि इंडेक्सची असेल, तर क्रम तिथूनच आलाय.