माल्टा : इतिहास आणि पर्यटन

भूमध्य समुद्रातील द्वीपराष्ट्र. सिसिलीच्या दक्षिणेस सुमारे ९० किमी. क्षेत्रफळ ३१६ चौ. किमी., म्हणजे बृहन्मुंबईहूनही कमी. माल्टा व गोझो ही मुख्य बेटे. त्यांच्यामधल्या चिमुकल्या कोमिनोवर जवळजवळ वस्तीच नाही. राजधानी व्हॅलेटा.

गोझोवरील जगांतियाची दगडी मंदिरे इ.स.पू. ३६०० च्या सुमाराची, गिझाच्या पिरॅमिडहून हजारेक वर्षांनी जुनी आहेत. हाल साफ्लिएनी येथे तर त्याच काळातील लोकांनी खडक कोरून तीन मजली भूमिगत दफनस्थळ घडवले. प्रवाशांच्या श्वासातील ओलाव्याने तेथील लाल गेरूची चित्रे खराब होतात. त्यामुळे दिवसाला मोजक्याच लोकांना आत सोडतात आणि तिकीट बरेच आधी काढावे लागते.

इ.स. १५३० मध्ये सेंट जॉनचे सरदार, म्हणजे एका ख्रिस्ती लढाऊ धर्मसंघाचे योद्धे, येथे आले. १५६५ मध्ये ऑटोमन फौजांनी घातलेला वेढा त्यांनी स्थानिक माल्टी लोकांच्या साथीने परतवला आणि पुढच्याच वर्षी त्यांचा प्रमुख झाँ द ला व्हालेत याने नव्या तटबंद नगराची पायाभरणी केली. त्याच्याच नावाचे व्हॅलेटा पिवळसर चुनखडीत बांधलेले आहे. उन्हे कलली की त्याच्या भिंती मधाळ रंगाने उजळतात.

सेंट जॉनच्या कॅथीड्रलमध्ये पायांखाली सरदारांच्या रंगीत संगमरवरी समाध्या आहेत. लगतच्या प्रार्थनादालनात काराव्हाज्जोचे ‘सेंट जॉनचा शिरच्छेद’ (१६०८) हे भव्य चित्र आहे. जमिनीवर सांडलेल्या रक्तातच चित्रकाराने आपले नाव लिहिले आहे. त्याने सही केलेले हे एकमेव ज्ञात चित्र. त्याच वर्षी सरदारांच्या संघाने त्याला आपल्यात सामील करून घेतले आणि बडतर्फही केले.

१७९८ मध्ये नेपोलियनने बेट घेतले. दोनच वर्षांत ब्रिटिश आले. १८७८ मध्ये रशियाला धाक बसावा म्हणून त्यांनी हिंदी फौजही येथे आणली होती. दुसऱ्या महायुद्धातील भीषण बॉम्बवर्षावात दाखवलेल्या धैर्याबद्दल १९४२ मध्ये साऱ्या बेटाला ‘जॉर्ज क्रॉस’ मिळाला. तो आजही राष्ट्रध्वजावर आहे. स्वातंत्र्य १९६४ मध्ये मिळाले.

माल्टी भाषा अरबी कुळातली, पण लिपी रोमन. इंग्रजीही राजभाषा असल्याने प्रवाशाचे अडत नाही. मार्साश्लॉकच्या कोळीवाड्यात लुझ्झू नावाच्या निळ्या-पिवळ्या होड्यांच्या नाळेवर दोन्ही बाजूंना डोळे काढलेले दिसतात. ते होडीला संकटातून वाचवतात, अशी श्रद्धा आहे. नाक्यानाक्यावर रिकोटा चीज किंवा वाटाण्याचे सारण भरलेली गरम, पापुद्रेदार पास्तिझ्झी मिळते.

भारतीयांना शेंगेन व्हिसा लागतो. चलन युरो. मंदिरे पायी पाहायची तर एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर हे महिने सोयीचे. जुलै-ऑगस्टमध्ये उघड्या खडकाळ माळावर सावली मिळत नाही.